बारकोडवर ८९० म्हणजे वस्तू भारतीय? देशी माल नेमका ओळखायचा कसा?

खारघरमधल्या एखाद्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून थोडं मागे गेलात, तर सणासुदीच्या आसपास फिरलेला एक मेसेज सापडण्याची शक्यता बरीच आहे. बारकोडचे पहिले तीन आकडे ८९० असतील तर वस्तू भारतीय आणि ६९० ते ६९९ असतील तर चिनी, असं त्यात सांगितलेलं असतं. खाली 'देशासाठी पुढे पाठवा' अशी विनंतीही असते.

हेतू चांगला आहे, पण माहिती चुकीची आहे.

सुपरमार्केटमध्ये उभं राहून घाईघाईत बारकोड बघणाऱ्या माणसाला खरं तर साधंच काहीतरी हवं असतं. आपले पैसे इथल्या माणसाच्या हाताला काम देतायत का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. त्याचं उत्तर बारकोड देत नाही. मग ते कुठे मिळतं? कायद्याने कंपन्यांना काय सांगायला लावलंय? आणि 'देशी' म्हणजे नेमकं काय?

८९० चा खरा अर्थ काय?

बारकोडखालचे आकडे 'जीएस-वन' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीनुसार दिले जातात. या संस्थेच्या देशोदेशी शाखा आहेत आणि प्रत्येक शाखेला सुरुवातीचे ठरावीक आकडे मिळालेले आहेत. ८९० हे आकडे जीएस-वन इंडियाचे आहेत. म्हणजे ८९० चा अर्थ एवढाच, की बारकोड वापरणाऱ्या कंपनीने तो क्रमांक भारतातल्या शाखेकडून घेतला आहे. वस्तू कुठल्या कारखान्यात तयार झाली, हे त्यातून कळत नाही.

समजा मुंबईतल्या एका कंपनीने आपल्या नावाचे पंखे चीनमध्ये बनवून घेतले. कंपनीची नोंदणी भारतात असल्याने पंख्याच्या खोक्यावर ८९० येऊ शकतं. उलट, एखाद्या युरोपीय कंपनीचा कारखाना महाराष्ट्रात असेल, माल इथेच बनत असेल, पण बारकोड तिच्या मूळ देशातून घेतलेला असेल, तर खोक्यावर वेगळेच आकडे दिसतील. मेसेजवर विश्वास ठेवणारा ग्राहक पहिली वस्तू देशी म्हणून घेईल आणि दुसरी परदेशी म्हणून परत ठेवेल.

पटत नसेल तर घरातलं एखादं मराठी पुस्तक उचला. मागच्या बाजूचा बारकोड ९७८ ने सुरू होतो. हा कुठल्याच देशाचा क्रमांक नाही, जगभरातल्या पुस्तकांसाठी तो राखून ठेवलेला आहे. सुपरमार्केटमध्ये भाजी वजन करून चिकटवलेल्या स्टिकरवरचा बारकोड बहुधा २ ने सुरू होतो. तो त्या दुकानाचा अंतर्गत क्रमांक असतो. बारकोडचं मुख्य काम वस्तू ओळखणं हे आहे. तिचा जन्मदाखला त्यात नसतो.

हा प्रश्न पुन्हा का आला?

गेल्या काही वर्षांत दोनदा हा विषय जोरात वर आला. पहिल्यांदा २०२० मध्ये. मे महिन्यात केंद्र सरकारने 'आत्मनिर्भर भारत'ची घोषणा केली. जूनमध्ये गलवानमध्ये चिनी सैन्याशी झटापट झाली आणि चिनी मालावर बहिष्काराची मोहीम सुरू झाली.

दुसऱ्यांदा २०२५ मध्ये. अमेरिकेने ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं. त्याच महिन्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी स्वदेशी वस्तू घेण्याचं आणि दुकानदारांनी तसे फलक लावण्याचं आवाहन केलं. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, तेव्हाही हेच आवाहन पुन्हा झालं.

या दोन वर्षांच्या मधल्या काळात काय झालं, हे व्यापाराच्या आकड्यांत दिसतं. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारताने चीनकडून ११३ अब्ज डॉलरपेक्षा जास्त किमतीचा माल घेतला आणि सुमारे १४ अब्ज डॉलरचा विकला. ही तूट ९९ अब्ज डॉलरच्या आसपास होती. २०२० मध्ये बहिष्काराचे इतके मेसेज फिरले, तरी आयात वाढतच गेली. याचं एक कारण असं, की ही आयात मोठ्या प्रमाणात यंत्रं, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग आणि औषधांच्या कच्च्या मालाची आहे. ती सुपरमार्केटच्या शेल्फवर दिसतच नाही. ती 'भारतात बनलेल्या' वस्तूंच्या पोटात असते.

खारघरचा भूगोलही हेच सांगतो. एका बाजूला तळोजा एमआयडीसी आहे, जिथे रसायनं, खतं, धातू आणि प्रक्रिया केलेले मासे अशा कितीतरी गोष्टी तयार होतात. दुसऱ्या बाजूला, उरण तालुक्यात, न्हावा शेवाचं बंदर आहे. १९८९ मध्ये सुरू झालेलं हे बंदर देशातल्या सर्वांत व्यस्त कंटेनर बंदरांपैकी एक आहे. देशी उत्पादन आणि परदेशी आयात या दोन्हींच्या मधोमध हे शहर वसलं आहे. इथल्या दुकानातल्या एकाच शेल्फवर दोन्हीकडचा माल शेजारी शेजारी असतो.

'देशी' म्हणजे नेमकं काय?

इथेच बहुतेक याद्यांची गल्लत होते. 'देशी' या एका शब्दात निदान तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत.

पहिला, वस्तू कुठे बनली? दुसरा, कंपनीची मालकी कोणाकडे आहे? तिसरा, कच्चा माल आणि सुटे भाग कुठून आले?

या तिन्हींची उत्तरं एकसारखी असतीलच असं नाही. शाळेच्या दप्तरातलं उदाहरण घ्या. कॅमलिन हे नाव मराठी घरात वेगळं सांगावं लागत नाही. दांडेकर कुटुंबाने १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून हा उद्योग सुरू केला. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने त्यात बहुसंख्य हिस्सा घेतला. कंपनीचा एक कारखाना रायगड जिल्ह्यातच, पनवेलच्या पुढे पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात आहे. आता खारघरच्या स्टेशनरीच्या दुकानातली कॅमलची रंगपेटी देशी म्हणायची की परदेशी? नाव मराठी माणसाने रुजवलेलं, मालकी जपानी, आणि रोजगार थेट जिल्ह्यातला.

थम्स अपचं उलट आहे. हे पेय १९७७ मध्ये भारतीय उद्योजकांनी आणलं, १९९३ मध्ये ते कोका-कोलाकडे गेलं. आजही ते इथेच भरलं जातं, पण ब्रँड अमेरिकी कंपनीचा आहे. बिसलेरीचा प्रवास त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेने झाला. मूळ नाव इटालियन, पण १९६९ मध्ये ते भारतीय कंपनीने घेतलं. बाटाला तर कित्येक पिढ्या भारतीयच समजत आल्या आहेत. तिची सुरुवात आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या झ्लिन गावात झाली, मात्र बाटा इंडियाचे कारखाने भारतात आहेत. हिंदुस्तान युनिलिव्हरच्या नावात 'हिंदुस्तान' आहे आणि तिचा बहुतेक माल भारतात बनतो, पण कंपनीतला साधारण ६० टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा ब्रिटनच्या युनिलिव्हरकडे आहे.

यातलं काय महत्त्वाचं मानायचं, याबद्दल स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्यांमध्येही एकमत नाही. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधल्या हंसलपूर इथे, सुझुकीच्या कारखान्यात बोलताना जी व्याख्या मांडली, तिचा आशय असा होता, की पैसा कोणाचाही असो, घाम भारतीय माणसाचा असला म्हणजे ती वस्तू स्वदेशी. या व्याख्येत कॅमलची रंगपेटी बसते. स्वदेशी जागरण मंचासारख्या संघटना मात्र मालकीलाही महत्त्व देतात, कारण नफा आणि ब्रँडच्या नावाने द्यावी लागणारी रॉयल्टी शेवटी मालकाकडे जाते.

म्हणून दुकानात शिरण्याआधी स्वतःपुरतं ठरवायला हवं. इथल्या कामगाराला काम मिळावं म्हणून देशी घ्यायचं असेल तर 'कुठे बनलं' हे बघा. नफा इथेच राहावा असं वाटत असेल तर 'मालक कोण' हे बघा. पहिल्याचं उत्तर पाकिटावर असतं. दुसऱ्याचं बहुतेकदा नसतं, ते शोधावं लागतं.

पाकिटावर काय छापणं सक्तीचं आहे?

यासाठी २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा आणि त्याखालचे आवेष्टित वस्तूंबाबतचे २०११ चे नियम आहेत. बंद पाकिटातून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर उत्पादकाचं नाव व पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन किंवा नग, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. उत्पादक आणि पॅक करणारा वेगळे असतील तर दोघांचीही नावं द्यावी लागतात. माल आयात केलेला असेल तर आयातदाराचं नाव आणि पत्ता लागतो.

आयात मालाबाबत आणखी एक गोष्ट सक्तीची आहे. ती वस्तू मूळ कुठल्या देशातली आहे, किंवा कुठे बनली अथवा जोडली गेली, त्या देशाचं नाव पाकिटावर हवं.

म्हणजे बारकोडऐवजी वाचायची जागा ही आहे. पाकिटाच्या मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात चारपैकी एखादा शब्द असतो.

'मॅन्युफॅक्चर्ड बाय' असेल तर पुढचा पत्ता कारखान्याचा किंवा उत्पादक कंपनीचा असतो. भारतीय पत्ता असेल तर वस्तू इथे बनली असं मानायला आधार आहे.

'मार्केटेड बाय' असेल तर ती फक्त विकणारी कंपनी आहे. पत्ता अंधेरीचा असला तरी त्यावरून वस्तू कुठे बनली हे कळत नाही. आजूबाजूला उत्पादकाचं नाव शोधा.

'पॅक्ड बाय' असेल तर पुढचा पत्ता पाकीट भरणाऱ्याचा आहे. आतला माल कुठूनही आलेला असू शकतो.

'इम्पोर्टेड बाय' असेल तर प्रश्नच मिटला. जवळच देशाचं नाव असायला हवं. ते नसेल तर तो नियमभंग आहे.

मोठ्या कंपन्यांचे अनेक कारखाने असतात. अशा पाकिटावर चार-पाच पत्ते असतात आणि कुठला पत्ता लागू हे बॅच क्रमांकाच्या पहिल्या अक्षरांवरून बघा, अशी सूचना असते. थोडा वेळ दिला तर हातातला बिस्किटपुडा कुठल्या राज्यात भाजला गेला, हेही समजतं.

या नियमांत एक मोठी फट मात्र आहे. भारतात तयार झालेल्या वस्तूत भारतीय वाटा किती टक्के आहे, हे ग्राहकाला सांगण्याची सक्ती नाही. अमेरिकेत कुठलीही वेगळी पुस्ती न जोडता 'मेड इन यूएसए' म्हणायचं तर वस्तू पूर्णपणे किंवा जवळपास पूर्णपणे तिथली लागते. स्वित्झर्लंडमध्ये औद्योगिक वस्तूला 'स्विस' म्हणवून घ्यायला उत्पादन खर्चातला किमान ६० टक्के वाटा तिथला असावा लागतो. भारतात दुकानातल्या मालासाठी सरसकट असा आकडा ठरलेला नाही.

विशेष म्हणजे केंद्र सरकार स्वतः खरेदी करतं तेव्हा हा आकडा विचारतं. २०१७ च्या सरकारी खरेदी आदेशानुसार आणि त्यातल्या २०२० च्या बदलांनुसार, ५० टक्के किंवा त्याहून जास्त स्थानिक वाटा असलेला पुरवठादार पहिल्या वर्गात आणि २० ते ५० टक्के वाटा असलेला दुसऱ्या वर्गात धरला जातो. सरकारी खात्याला खुर्ची घेताना जी माहिती मिळते, ती खारघरमधल्या ग्राहकाला तीच खुर्ची घेताना मिळत नाही.

पिशवीतल्या वस्तू एकेक करून बघू

महिन्याच्या किराण्यापासून सुरुवात करू.

खाद्यतेल. पिशवीवरचा पत्ता भारतीय असतो आणि नावही ओळखीचं. पण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल आयात होतं. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून, सूर्यफूल तेल रशिया आणि युक्रेनमधून, सोयाबीन तेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून. ते इथे शुद्ध होतं, पिशवीत भरलं जातं आणि 'भारतात तयार' होतं. देशी तेलच हवं असेल तर शेंगदाणा, मोहरी, तीळ, करडई किंवा खोबरेल तेल घेणं हा त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग आहे, कारण त्यांच्या बिया आणि खोबरं प्रामुख्याने इथलंच असतं. अर्थात त्यांचे भाव जास्त असतात आणि घाण्यावरच्या तेलाचे तर आणखी जास्त.

डाळी. तूरडाळ मराठी ताटातली, पण कमी पडणारी तूर मोझांबिक आणि म्यानमारहून येते. मसूर कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाहून येते. सुट्या डाळीवर पाकीटच नसतं, त्यामुळे पाकिटाचे नियमही लागू होत नाहीत. दुकानदाराला विचारणं एवढाच उपाय उरतो, आणि घाऊक बाजारातून पोतं उचलणाऱ्या दुकानदारालाही दर वेळी माहीत असेलच असं नाही.

सुकामेवा. 'पॅक्ड बाय' या शब्दाचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. पाकिटावर तुर्भे किंवा वाशीचा पत्ता असतो, पण आतले बदाम बहुधा कॅलिफोर्नियाचे असतात.

सफरचंद. फळावरच्या स्टिकरचा चार आकडी क्रमांक फळाची जात आणि आकार सांगतो, देश सांगत नाही. देशाचं नाव असेल तर ते स्टिकरवर अक्षरांत छापलेलं असतं. काश्मीर आणि हिमाचलच्या फळांवर कित्येकदा स्टिकर नसतोच. मे २०२५ मध्ये पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्कीची सफरचंदं न विकण्याचा निर्णय घेतला, तेव्हा बऱ्याच ग्राहकांना पहिल्यांदा कळलं, की आपण तुर्कीची सफरचंदं खात होतो.

खेळणी. इथे सरकारी धोरणाचा परिणाम सर्वांत ठळक दिसतो. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. हस्तकला आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. तरीही रस्त्यावरच्या गाडीवर खोकं नसलेलं, नाव नसलेलं, चिन्ह नसलेलं खेळणं दिसतंच. ते कुठून आलं हे कोणीच सांगू शकत नाही. मुलाच्या तोंडात जाणारी वस्तू असल्याने इथे प्रश्न देशाचा नंतर, सुरक्षेचा आधी येतो.

दिवाळीची रोषणाई. बंद खोक्यातली माळ असेल तर आयातदार आणि देशाचं नाव वाचता येतं. दोऱ्याने बांधलेल्या सुट्या माळेवर काहीच नसतं. नाव-गाव नसलेली वस्तू देशी समजून घेणं हा अंदाज झाला. आकाशकंदील आणि पणत्यांचं तसं नाही. कागदी कंदील बनवणारी आणि पणत्या घडवणारी माणसं अनेकदा स्वतःच विकायला बसलेली असतात. 'कुठे बनवलं' हे त्यांनाच विचारता येतं.

मोबाइल. सरकारी आकडेवारीनुसार देशात विकले जाणारे जवळपास सगळे फोन आता देशातच तयार होतात. दहा वर्षांपूर्वी असं नव्हतं. पण चिप, डिस्प्ले आणि इतर बरेच भाग अजून बाहेरून येतात. खोक्यावरचं 'मेड इन इंडिया' खोटं नाही, ते अर्धी गोष्ट सांगतं. जोडणीच्या कारखान्यात हजारो जणांना, त्यात मोठ्या संख्येने तरुण मुलींना, काम मिळतं हे खरं. किमतीचा मोठा वाटा सुट्या भागांसाठी बाहेर जातो हेही खरं.

चिन्हं बघून फसू नका

आयएसआय चिन्ह दर्जाचं आहे, देशाचं नाही. परदेशी कारखान्यांनाही भारतीय मानक ब्युरो हे चिन्ह वापरण्याचा परवाना देऊ शकतो. त्याचा उपयोग मात्र करून घेता येतो. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये चिन्हाजवळचा परवाना क्रमांक टाकला, की तो कोणत्या उत्पादकाला, कुठल्या पत्त्यावर दिला आहे ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या कारखान्याचा पत्ता तपासण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

खाद्यपदार्थांवरचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांकही असाच. तो परवान्याचा आहे. आयातदारालाही तो घ्यावा लागतो.

पाकिटावरचे तिरंग्याचे रंग, संस्कृत वाटणारं नाव, देवाचं चित्र किंवा 'आपलं', 'देसी' असे शब्द यांतून काहीच सिद्ध होत नाही. मात्र कोणी परदेशी माल 'मेड इन इंडिया' म्हणून विकत असेल तर ती दिशाभूल ठरते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं.

खरोखर काही सांगणारी चिन्हं वेगळी आहेत. खादीसाठी 'खादी मार्क', हातमागासाठी 'हँडलूम मार्क' आणि विशिष्ट प्रदेशाच्या मालासाठी भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय. पैठणी, सोलापुरी चादर, कोल्हापुरी चप्पल, कोकणचा हापूस आणि रायगडमधलाच अलिबागचा पांढरा कांदा यांना जीआय मिळालेलं आहे. या वस्तूंचं नाव त्यांच्या गावाशी कायद्याने बांधलेलं आहे.

ऑनलाइन घेताना काय?

खारघरसारख्या शहरात खरेदीचा मोठा भाग आता फोनवर होतो. तिथे पाकीट उलटून बघता येत नाही. म्हणून १ जानेवारी २०१८ पासून पाकिटावरची बहुतेक माहिती ऑनलाइन पानावरही देणं बंधनकारक आहे. जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मूळ देशाची माहिती देण्याची जबाबदारी आणखी स्पष्ट केली. जून २०२० मध्ये सरकारी खरेदीच्या 'जेम' पोर्टलवरही विक्रेत्यांना मूळ देश लिहिणं सक्तीचं झालं.

प्रत्यक्षात ही ओळ उत्पादनाच्या पानावर खूप खाली, 'अधिक माहिती'मध्ये दडलेली असते. प्रत्येक वस्तू उघडून खाली जाणारा ग्राहक विरळाच. त्यामुळे नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने नियमांत बदलाचा मसुदा मांडला. आयात माल विकणाऱ्या ई-कॉमर्स कंपन्यांनी मूळ देशानुसार शोध आणि क्रमवारी लावण्याची सोय द्यावी, असं त्यात म्हटलं आहे. किंमत किंवा रंग निवडतो तसा देश निवडता आला, तर हा सगळा शोध एका टिचकीवर येईल.

शंभर वर्षांपूर्वीही हाच प्रश्न होता

देशी वस्तू 'सापडत नाही' ही तक्रार नवी नाही. 'सार्वजनिक काका' गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबाराला स्वतः काढलेल्या सुताचे कपडे घालून गेले होते. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ महाराष्ट्रात पसरली, पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. पण होळी झाल्यावर लोकांनी घालायचं काय आणि ते कुठे मिळायचं? म्हणून त्याच काळात लोकमान्य टिळकांसह काही उद्योजकांच्या पुढाकारातून मुंबईत स्वदेशी सहकारी भांडार उभं राहिलं. पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. बहिष्काराला उत्पादन आणि दुकान या दोन्हींची जोड लागते, हे त्या पिढीला कळलं होतं.

याच चळवळीने पुढे एका तरुणाचा जीवही घेतला. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विदेशी कापड नेणाऱ्या ट्रकसमोर उभा राहिलेला गिरणी कामगार बाबू गेनू ट्रकखाली चिरडला गेला. तेव्हा विदेशी माल ओळखणं सोपं होतं, तो मँचेस्टरहून गाठोडं बांधून येत होता. आज तो बोल्ट, चिप आणि कच्च्या तेलाच्या रूपात देशी वस्तूच्या आत येतो.

सगळं देशीच घ्यावं का?

याचं उत्तर ज्याचं त्याने द्यायचं आहे, पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा.

देशी वस्तू घेतल्याने इथल्या कारखान्याची मागणी टिकते, रोजगार टिकतो आणि छोट्या उत्पादकाला उभं राहायला वेळ मिळतो. पण स्पर्धाच उरली नाही तर भाव वाढतात आणि दर्जा सुधारण्याची घाई राहत नाही. त्याचा भार कमी उत्पन्नाच्या कुटुंबावर आधी पडतो. ३०० रुपयांचा देशी दिवा आणि १५० रुपयांचा आयात दिवा यांत निवड करणं सगळ्यांना सारखं सोपं नसतं.

शिवाय व्यापार एकतर्फी नसतो. तळोजातून गोठवलेले मासे परदेशात जातात. तिथल्या ग्राहकानेही 'फक्त आपलंच' असं ठरवलं, तर काम इथल्याच माणसाचं जाईल. २०२५ मधल्या अमेरिकी शुल्कवाढीचा सर्वांत मोठा धसका कोळंबी, कपडे आणि हिरे उद्योगाने घेतला, तो यामुळेच.

आयात वस्तू विकणारा शेजारचा दुकानदारही इथलाच असतो. चुकीच्या मेसेजवरून त्याच्या दुकानावर फुली मारली गेली, तर नुकसान त्याचं होतं, परदेशी कंपनीचं नाही.

पुढच्या वेळी दुकानात गेल्यावर

बारकोड सोडा, पत्ता वाचा. 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' शोधा आणि 'मार्केटेड बाय'वर थांबू नका. आयएसआय असेल तर क्रमांक ॲपवर तपासा. ऑनलाइन घेताना 'कंट्री ऑफ ओरिजिन'ची ओळ वाचल्याशिवाय पैसे भरू नका. बंद पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ताच नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा राज्याच्या वैध मापनशास्त्र यंत्रणेकडे तक्रार करता येते. खरेदीची पावती आणि पाकिटाचा फोटो जवळ ठेवा.

आणि ज्यांना खरोखर जवळचं घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी रायगड जिल्ह्यातच पुरेसं आहे. पेणच्या गणेशमूर्ती, अलिबागचा पांढरा कांदा, बचत गटांचे पापड, मसाले आणि कोकम, पनवेलमध्ये १८७२ पासून चालत आलेला श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा उद्योग. बचत गटांचा माल 'महालक्ष्मी सरस'सारख्या सरकारी प्रदर्शनांत एकाच ठिकाणी मिळतो. त्यातल्या कित्येक वस्तूंवर बारकोड नसतो. बनवणारी बाई समोरच बसलेली असते, तिलाच विचारायचं.